पानावर आडवा हात

लग्नाच्या मांडवातला माईक माझ्या हातात पहिल्यांदा कुणी दिला ते आता आठवत नाही. पण एकदा आला तो काही सुटला नाही. चौसाळ्याच्या आसपासच्या गावांत मी तीस वर्षं मास्तरीण होते. आवाज खणखणीत, तोंड फटकळ, आणि चारचौघांत बोलायची भीती म्हणून नाही. आमच्याकडं लग्नाचा मुहूर्त साडेबाराचा असला तरी पुढारी आल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. अक्षता पडल्या की त्यांचे सत्कार, सत्कारानंतर त्यांचे आशीर्वाद. तोवर हजार माणूस मांडवात घाम पुसत बसलेलं असतं. त्यांना गुंतवून ठेवायचं काम माझं. कुणाच्या फेट्याची टिंगल कर, कुणाच्या सुटलेल्या पोटावर काहीतरी बोल, विहिणीला चिमटा काढ. लोक खदखदून हसायचे. "बाई असल्या की लगीन गाजतं," असं पंचक्रोशीत म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते लई आवडायचं.

आमचे हे मात्र म्हणायचे, "एक दिवस हा माईक तुला गोत्यात आणणार."

"तुम्ही घरात बोलत नाही, मला बाहेर तरी बोलू द्या," मी म्हणायचे. विषय तिथंच संपायचा.

ज्याच्याबद्दल सांगायचं आहे तो माझा विद्यार्थी. त्याचे आईवडील दर दिवाळीनंतर ऊस तोडायला कारखान्यावर जायचे ते उन्हाळा लागल्यावरच परतायचे. तेवढे महिने तो आणि त्याचा धाकटा भाऊ म्हाताऱ्या चुलत्याकडं राहायचे, आणि एका वेळचं जेवण माझ्याकडं. सहावीपासून दहावीपर्यंत तो माझ्या स्वयंपाकघरात जेवला. फुकटचं खातोय असं वाटू नये म्हणून की काय, तो आधी सगळ्यांना वाढायचा आणि मग बसायचा. माझ्या लेकरांना, ह्यांना, मला. पातेल्यातला चमचा उचलून विचारायचा, "बाई, वाढू का?" मी पानावर हात आडवा धरला की लगेच थांबायचा. माझी पोरं आगाऊ, ती हात धरला तरी एकमेकांच्या पानात भात ओतायची. हा कधीच नाही.

पुढं आईवडिलांच्या हातातला कोयता त्यानं सोडवला. जिरायत जमीन कसली, दोन म्हशी घेतल्या, धाकट्याला शिकवलं. धाकट्याला नोकरी लागली. आणि हा? हा गावातल्या प्रत्येक लग्नात पहिला यायचा आणि शेवटी जेवायचा. कमरेला उपरणं बांधून हातात वरणाची बादली. पंगतीत कोणत्या म्हातारीला दात नाहीत, कुणाला तिखट चालत नाही, सगळं त्याला ठाऊक. आचारी त्याला विचारून मीठ टाकायचे. पण जमीन जिरायत आणि नोकरी नाही म्हटल्यावर त्याला मुलगी कोण देणार? आमच्या भागात अशी पस्तिशी ओलांडलेली पोरं घरटी एक सापडतील. लोक त्यांच्यावर विनोद करतात, आणि ती पोरंही हसतात. मला वाटायचं, हसतात म्हणजे त्यांना चालतं.

धाकट्याच्या लग्नात माईक अर्थातच माझ्याकडं होता. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, सत्कार चालूच होते. सत्काराला यायचे आणखी एक पुढारी वाटेत अडकलेले. मांडव कंटाळून गेला होता. तेवढ्यात मला तो दिसला. समोरच्या पंगतीत वाकून वाढत होता, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. माझा जीव भरून आला. खरंच सांगते, मी बोलायला लागले ते मायेनंच.

"मंडळी, धाकट्यानं बाजी मारली! थोरला बघा, अजून बादली घेऊनच फिरतोय. वय छत्तीस, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, वाढतो झकास. कुणाकडं मुलगी असेल तर सांगा. मांडव घातलेला आहे, आचारी हजर आहे, आजच उरकून टाकू!"

मांडव जागा झाला. हशा, टाळ्या. त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि मोकळा हात समोर आडवा धरला. पानावर धरतात तसा. बास.

मी तो हात पाहिला. हे मला लपवायचं नाही. स्पष्ट पाहिला.

पण आपल्याकडच्या पंगतीची रीतच उलटी. पाहुण्यानं हात आडवा धरला की त्याच्या बोटांच्या फटीतून जिलबी सरकवायची. नको नको म्हणतो म्हणजे लाजतो, लाजतो म्हणजे अजून वाढायचं. आग्रह केला नाही तर उद्या तोच पाहुणा नाव ठेवतो. मीही तसंच समजले.

"बघा, बघा, लाजतोय! अहो, आता त्याच्या काही अटी नाहीत बरं का! गोरी नको, शिकलेली नको, कशीही चालेल!"

त्या "कशीही चालेल"वर जो हशा उठला तसा मला तीस वर्षांत मिळाला नव्हता. तो खाली वाकला आणि पुढच्या पानावर वाढायला लागला. मीही पुढच्या सत्काराकडं वळले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती चित्रफीत गावभर झाली. नवरदेवाच्या कुणा मित्रानं फोनवर घेतली, मागं ढोलकी लावली आणि दिली सोडून. माझा आवाज, हसणारी माणसं, आणि तो. खाली हजारो लोकांचे शेरे. "भावाला कशीही द्या." "आमची म्हैस चालंल का?" मला परळीहून, बीडहून फोन आले, बाई तुम्ही तर फेमस झाल्या. पहिले दोन दिवस मी खूश होते. लाज वाटते लिहायला, पण होते.

पुढच्या आठवड्यात गावात दोन लग्नं झाली. तो वाढायला आला नाही. म्हशीचं दूध घालायला डेअरीवर यायचा तेही धाकट्याच्या बायकोला पाठवायला लागला. मी म्हटलं, रुसलाय, येईल. आमचे हे म्हणाले, "रुसला न्हाई तो. तू त्याला मारलंयस." बोलत नाहीत बोलत नाहीत आणि बोलले तर असं!

मी काही माफी मागणारी बाई नाही, हेही सांगितलं पाहिजे. मागं एकदा भर ग्रामसभेत मी एका मोठ्या पुढाऱ्याला विचारलं होतं, शाळेतल्या मुलींच्या संडासाला पाणी कावून नाही? त्याला झोंबलं. माफी मागा म्हणून निरोप आला. मी म्हटलं, पाणी आणा, मग बघू. माझी बदली झाली थेट परळीकडं. दोन वर्षं मी एकटी खोली करून राहिले. दोरीवर वाळत घातलेल्या साड्यांवर तिथल्या वीजकेंद्राची राख बसायची. माफी मागितली नाही. वर्गात नागरिकशास्त्र शिकवताना फळ्यावर लिहायचे, बोलण्याचा हक्क सगळ्यांना आहे. आणि पोरांकडून तीनतीनदा म्हणून घ्यायचे. त्या ताठ्यातच मी त्याच्या शेतावर गेले. चल बाबा, झालं गेलं, मस्करी होती, असं म्हणून त्याला पंगतीत परत आणायचं, एवढंच डोक्यात.

तो गोठ्यात शेण भरत होता. मला पाहून हात धुतले, बाज झटकून दिली, पाणी आणलं. तेवढं त्याचं चुकलं नाही.

"अरे, मायेनं बोलले मी," मी म्हटलं. "आणि बोलायला काय बंदी आहे का? सगळेच बोलतात."

"बंदी कशाला बाई," तो म्हणाला. "तुमीच शिकवलंय. बोलायचा हक्क सगळ्यास्नी हाय. तुमी बोलल्या. पर माईक तुमच्याकडं व्हता. माझ्याकडं वरणाची बादली व्हती."

त्या पुढाऱ्याला मी बोलले तेव्हा माईक त्याच्याकडं होता आणि मी खाली सतरंजीवर बसलेले होते. इथं उलटं होतं. हे इतकं साधं, तीस वर्षं शिकवूनही माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

मग त्यानं खाली बघत एक गोष्ट सांगितली. आष्टीकडचं एक स्थळ चाललं होतं. दोन महिने. गावात कुणाला माहीत नव्हतं, धाकट्यालासुद्धा नाही. त्याचं लग्न आधी पार पडू दे म्हणून थांबला होता. ती ब्लाऊज शिवायची, स्वतःचं दुकान, चौतीस वर्षांची, सोडचिठ्ठी झालेली. दोघांचं फोनवर बोलणं व्हायचं. "ती फोनवर हसायची बाई. लई गोड हसायची," तो म्हणाला. ती चित्रफीत तिच्यापर्यंत पोचली. तिनं शेवटचा एक फोन केला. म्हणाली, कशीही चालते म्हणून मला बघितली व्हय? आणि ठेवून दिला.

"तिला वाटलं मीच तुमास्नी तसं सांगितलं आसंल," तो म्हणाला. "तिच्या पहिल्या नवऱ्यानं लई बोल लावलेत तिला. मीबी तसलाच, आसं समजली ती."

मी उठले. काही न बोलता उठले, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं असेल. घरी येऊन देवघरापुढं बसले आणि ढसाढसा रडले. ह्यांनी दाराशी येऊन पाहिलं, आणि चहा करून आणला. त्यात साखर विसरले होते. मी तसाच प्याले.

आधी नवरदेवाच्या त्या मित्राला फोन करून चित्रफीत काढायला लावली. त्यानं बिचाऱ्यानं लगेच काढली. पण तोवर ती इतक्या फोनांत जाऊन बसली होती की काढून उपयोग शून्य. मग दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून मी बीडला, तिथून आष्टीला गेले. त्याला न विचारता.

दुकान बाजारगल्लीत होतं, विचारत विचारत सापडलं. एक शिलाई मशीन, भिंतीला टांगलेले ब्लाऊज, त्यांना चिठ्ठ्या टोचलेल्या. ती काजं करत होती. मी माप द्यायला आले असं तिला वाटलं. मी तोंड उघडलं आणि दुसऱ्याच शब्दाला तिनं मला आवाजावरून ओळखलं. हातातलं काम खाली ठेवलं.

"तुमी त्या माईकवाल्या," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. त्यानं मला काहीही सांगितलं नव्हतं, तुझं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं, ते सगळं माझ्याच तोंडून आलं, हशासाठी. ती ऐकत होती. मग तिनं फोन काढला. चित्रफीत तिच्याकडं अजून होती. कशाला ठेवली असेल, देव जाणे. तिनं लावली आणि माझ्यासमोर धरली. मी स्वतःचा आवाज ऐकला. किती कर्कश आवाज आहे माझा! मांडवात कधी कळलं नव्हतं.

"थांबा," ती म्हणाली आणि मागं नेऊन पुन्हा लावली. "ह्यो हात बघा. नको म्हणतोय त्यो."

"हो."

"तुमाला दिसला व्हता का?"

"दिसला होता."

"मग?"

"मला वाटलं... पंगतीत नको म्हणतात तसं. आग्रह करावा तसं."

"जिलबी नको आसंल तर पानात टाकून उठता येतं बाई," ती म्हणाली. "हे कुठं टाकायचं?"

मी हात जोडले. ती माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान, पण जोडले. तिनं ते खाली केले नाहीत, की राहू द्या म्हणाली नाही. मला ते बरंच वाटलं. लगेच राहू द्या म्हणाली असती तर मी हलकी होऊन घरी आले असते.

मग तिनं चित्रफीत शेवटपर्यंत चालू दिली. माझं बोलणं संपतं, लोक हसत असतात, आणि तो मागं एका म्हातारीच्या पानाशी वाकून, वाटी जवळ ओढून, त्यात वरण घालत असतो. सावकाश. सांडू नये म्हणून.

"बादली टाकून गेला न्हाई," ती स्वतःशीच म्हणाली.

"ती पंगत पुरी करूनच गेला," मी म्हटलं.

तिनं फोन बंद केला. "त्याला बोलायचं आसंल तर त्यानं बोलावं. तुमी न्हाई," ती म्हणाली, आणि पुन्हा काजं करायला लागली. मी निघताना तिनं चहाचं विचारलं. मी नको म्हटलं, आणि तिनं आग्रह केला नाही.

संध्याकाळी मी थेट त्याच्या गोठ्यावर. सगळं सांगितलं. मला वाटलं, पोरगं पायाच पडेल! तो असा भडकला की बस.

"कुणाला इचारून गेल्ता तुमी? आं? परत न इचारता?"

मी उभीच. खरंच की! त्याच्याबद्दल एकदा न विचारता बोलले, ते निस्तरायला पुन्हा न विचारता बोलायला गेले. जित्याची खोड म्हणतात ती हीच. मी एवढंच म्हणाले, "चुकलं रे. तेही चुकलं आणि हेही चुकलं."

त्यानं पाठ फिरवली, म्हशीपुढं वैरण टाकली. लई वेळ टाकत राहिला, म्हैस खाईल त्याच्या तिप्पट. मग पाठमोऱ्यानंच विचारलं, "काय म्हणली ती?"

"त्यानं बोलावं म्हणली."

"तुमी सुधरत न्हाई बाई," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदा जरा हसू होतं.

त्यांचं दोघांचं काय बोलणं झालं, किती दिवस झालं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारायला जीभ वळवळायची, पण दातांखाली धरली. चारेक महिन्यांनी तो घरी आला, ह्यांच्या आणि माझ्या हातात पत्रिका ठेवली. माझे डोळे भरले तर म्हणाला, "रडू नका, वाढायला माणूस लागतंय. मी तर बसणार पाटावर."

मारुतीच्या देवळापुढं छोटा मांडव, शे-सव्वाशे माणूस, पुढारी एकही नाही. मुहूर्ताच्या वेळेला अक्षता पडल्या, आमच्या भागात याला चमत्कारच म्हणायचं. माईक होता तो मंगलाष्टकांपुरता. मी पदर खोचला आणि भाताची बादली उचलली. चौसष्टाव्या वर्षी कंबर काय म्हणते ते विचारू नका. प्रत्येक पानाशी वाकायचं, विचारायचं, वाढू का, आणि हात बघायचा. आमचे हे पंगतीत बसले होते. मी त्यांच्यापुढं आले तर म्हणाले, "बघा, आज बाई आधी विचारतायत." मी त्यांच्या पानात जरा जोरातच भात टाकला.

नवरानवरी शेवटच्या पंगतीला बसली. घास भरवणं, उखाणे झाले. आणि कुणीतरी माईक आणून माझ्या हातात कोंबला. "बाई, तुमी बोलल्याशिवाय लगीन झाल्यासारखं वाटतंय का?" चारपाच फोन वर झाले. माझा हात त्या माईकभोवती आपोआप घट्ट झाला. घशात शब्द तयार होते. चांगले शब्द होते, अगदी चांगले, त्याचं कौतुक होतं त्यात.

मी माईक तोंडाला न लावता त्याच्यापुढं गेले आणि वाकून विचारलं, "बोलू का रे?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग उजवा हात उचलून पानावर आडवा धरला.

"लाजतोय!" मांडव ओरडला. "बोला बाई! बोला!"

मी माईक ज्याचा त्याच्या हातात परत दिला. लोक हिरमुसले, एकदोघं कुरकुरले. मी बादली उचलली आणि पुढच्या पानाकडं वळले.

"बाई," तो मागून म्हणाला.

मी वळून पाहिलं. त्यानं पानावरचा हात काढला होता. शेजारी ती, डोक्यावरचा पदर सावरत, माझ्याकडंच बघत होती.

"भात वाढा की," तो म्हणाला. "लई दिस झाले तुमच्या हातचं खाऊन."

मला नीट दिसेना. पाणी गालांवरून खाली आलं ते पुसायला हात मोकळा नव्हता. मी एक डाव घातला, दुसरा घातला, तिसरा घातला. त्यानं हात आडवा धरला, आणि मी थांबले.